जशी आहे तशी विका, पण कशी आहे ते तर सांगा

मा. प्राधिकृत अधिकारी साहेब, वसुली विभाग,
आणि पेपरात घरांच्या लिलावाच्या नोटिसा देणाऱ्या बाकीच्या सगळ्या बँकांचे साहेब लोक,

नमस्कार.

मी नागपूरला मानेवाडा भागात मेस चालवते. दोन्ही टाइम मिळून साठ-पासष्ट डबे जातात, वीस-बावीस पोरं घरीच येऊन जेवतात. तुमच्या बँकेचं नाव या पत्रात लिहीत नाही, कोर्टकचेरी वाढवायला माझ्याकडे ना वेळ ना पैसा, आणि तुम्हाला तर माहीतच आहे तुम्ही कोण ते. पण पत्र उघडं लिहून राहिली, कारण बंद पाकिटातली चार पत्रं देऊन झाली आणि चौथ्याचं उत्तर मागच्या आठवड्यात आलं ते एका ओळीचं. मालमत्ता जशी आहे तशी तत्त्वावर विकली आहे, त्यामुळे बँकेची कोणतीही जबाबदारी राहत नाही. बस. खाली सही, शिक्का.

तर त्या "जशी आहे तशी"बद्दलच बोलायचं आहे.

मार्च २०२४ मध्ये तुमच्या ई-लिलावात मी २ बीएचके फ्लॅट घेतला, कर्ज थकलं म्हणून तुम्ही विकायला काढलेला. राखीव किंमत २४ लाख होती, मला २४ लाख ७० हजारांत सुटला. त्याच बिल्डिंगमध्ये बाहेरून घेतला असता तर बत्तीसच्या खाली कोणी बोलत नव्हतं. म्हणजे स्वस्त मिळाला हे मीच आधी कबूल करते, नाहीतर लोक म्हणतीलच की स्वस्ताच्या मागे लागली ना बाई, मग आता भोग. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. नणंदेनंही ऐकवलं.

तुमची नोटीस मी कापून ठेवली आहे. त्यात लिहिलं आहे, "जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे तेथे आहे तत्त्वावर". मी सातवी-आठवीच्या पोरांना मराठी शिकवलेली बाई आहे, मेस सुरू करायच्या आधी ट्यूशन घेत होती, पण "जे काही आहे तेथे आहे" याचा अर्थ मला आजही लागत नाही. तुम्हाला लागते का? खरं सांगा.

आता घराची पाहणी. तारीख दिली बुधवारची, अकरा ते एक. ती वेळ माझी डबे भरायची, तरी शेजारणीला पोळ्यांवर बसवून गेली. तुमच्या वसुली एजन्सीचा एक पोरगा आला होता, वीस-बावीस वर्षांचा, हातात फाइलही नाही. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर उभं राहून त्यानं बोट दाखवलं, "तो दरवाजा." चावी? नाही. आत कधी जायचं? "आत नाही जाता येत ताई, बाहेरूनच पाहायचं असते." दाराबाहेर चार जोड चपला होत्या, त्यात एक लहान पोराची, निळी, वेलक्रोची. मी विचारलं, कोणी राहते का? तो म्हणे, "निघून जातील ते, बेल नका वाजवू." पाहणी संपली, साहेब. पाच मिनिटं लागली. वेबसाइटवरचे फोटो पाहावे तर त्यात बिल्डिंगचं गेट आणि गेटाला टेकवलेली चौकीदाराची सायकल. सायकल चांगली स्पष्ट दिसते.

मी रोज पहाटे कॉटन मार्केटला भाजी आणायला जाते. संत्र्याच्या दिवसांत कळमन्याच्या बाजारालाही जाऊन आली आहे. तिथं ढेरी लिलावात निघते ती जशी आहे तशीच निघते, एकदा बोली सुटली की त्यात सडकी निघाली म्हणून कोणी वापस घेत नाही, घेणाऱ्याचं नशीब. पण ढेरी उघडी असते हो! माणूस हात घालते, खालची दोन वर काढून पाहते, मगच बोली लावते. ताडपत्री टाकून, वरून हातही लावू न देता ढेरी विकायला काढली तर अडत्याला लोक उभं नाही करणार. तुम्ही ताडपत्री टाकून चोवीस लाखांची ढेरी विकली.

दुसरी तक्रार ताब्याची, आणि ही सगळ्यात मोठी आहे. नोटिसीच्या खालच्या ओळीत "सांकेतिक ताबा" असं लिहिलं होतं, इतक्या बारीक अक्षरात की मी चष्मा लावूनही तिथपर्यंत पोचली नाही. पोचली असती तरी काय कळलं असतं? मला वाटलं असतं ताबा म्हणजे ताबा. सांकेतिक म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, झालं, आत कुटुंब आहे तसंच राहते, हे मला नंतर कळलं. सांगितलं कोणी, तर माझ्याच मेसमध्ये जेवणाऱ्या एका पोरानं, तो एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचे दोन महिन्यांचे पैसे मी नंतर घेतले नाहीत, कारण रोज रात्री जेवण झाल्यावर तो मोबाइलवर कायदा उघडून मला मराठीत समजावून सांगायचा आणि मी कणीक भिजवत ऐकायची.

त्याच्यापासून जे समजलं ते असं. २००२ चा सरफेसी कायदा बँकेला कोर्टात न जाता घर विकायचा अधिकार देते. आधी कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग विक्री. आत लोक असतील आणि निघत नसतील तर बँकेनं कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, त्यांनी ३० दिवसांत आदेश द्यायचा, कारण लिहून फार तर ६० दिवसांपर्यंत नेता येते. ही मुदत काटेकोर बंधनकारक नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये म्हटलं आहे, तेही त्यानं सांगितलं, म्हणजे उगाच आशा लावू नका काकू म्हणून. पण साहेब, मुदत मोजायला आधी अर्ज तर पाहिजे! मी पूर्ण पैसे भरले, मे २०२४ मध्ये तुम्ही मला विक्री प्रमाणपत्र दिलं, आणि कलम १४ चा अर्ज तुम्ही टाकला ऑक्टोबरमध्ये. पाच महिने तुम्ही अर्जच केला नव्हता. आणि या पाच महिन्यांत मी जेव्हा-जेव्हा आली तेव्हा तुमच्या टेबलावरून उत्तर एकच, "प्रोसेसमध्ये आहे ताई." काय प्रोसेसमध्ये होतं ते सांगाल का आज?

प्रत्यक्ष ताबा मिळाला एप्रिल २०२५ मध्ये. अकरा महिने मी माझ्या भाड्याच्या घराचे नऊ-नऊ हजार भरले आणि वरून पतसंस्थेचा हप्ता, तो महिन्याला जवळपास १८ हजार. पतसंस्थेकडे काहून गेली ते पुढं सांगते.

ताब्याच्या दिवशी तहसीलचे लोक आले, पोलीस आले, दोन महिला पोलीस होत्या. तुमच्याकडून एक ज्युनियर मुलगा आला होता, तो सही करून साडेबाराला निघून गेला. मी आत गेली नाही. समोरच्या पानठेल्यापाशी उभी राहिली. एक म्हातारी बाई खाली आली, तिच्या हातात देवघरातलं तांब्याचं तामण आणि एक कूलरची मोटर होती, का कोण जाणे तिनं नेमकी तीच उचलली. तिच्या मागून त्या घरची सून आली. ती माझ्याकडं पाहत राहिली, काही बोलली नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, तुमचं घर मी नाही हिसकलं, मी पैसे देऊन घेतलं. पण तिच्या डोळ्यांसमोर बँक होती कुठे? मीच होती. तुम्ही घर विकलं, पैसे घेतले, खातं बंद केलं, आणि दोन बायका रस्त्यात एकमेकींसमोर उभ्या केल्या. ते लोक माझे दुश्मन नाहीत, त्यांचंही कुठंतरी चुकलं असेल, धंदा बसला असेल, मला माहीत नाही. त्यांच्यावर माझी एकही तक्रार नाही.

आतमध्ये काय होतं ते फार नाही सांगत. बाथरूमचे नळ काढलेले, दोन खोल्यांतली वायरिंग ओढून घेतलेली, डक्टच्या भिंतीला ओल, बाल्कनीचं ग्रिल गायब. स्वयंपाकघरात मात्र दिनदर्शिका तशीच टांगलेली होती, दुधाचा हिशोब लिहिलेली. अर्धा, अर्धा, एक, अर्धा, मग "नाही", "नाही", आणि त्यानंतर सगळे रकाने कोरे. ती मी उतरवून कपाटात ठेवली, फेकवली नाही गेली.

हे नळ, वायर, ओल याची तक्रार मी करत नाही, नीट लक्षात घ्या. ते "जशी आहे तशी"त येते, मला मान्य आहे, त्याचे एक लाख चाळीस हजार मी खिशातून लावले आणि ब्र काढला नाही. कारण ते तुम्हालाही माहीत नसेल, बंद दाराआड काय आहे ते कोणाला माहीत? माझं भांडण जे तुम्हाला माहीत होतं त्यावर आहे.

तुमच्या नोटिसीत एक रकाना होता, "बँकेस ज्ञात असलेले बोजे". त्यापुढं तुम्ही लिहिलं, "निरंक", म्हणजे काहीच नाही.

ताबा मिळाल्यावर मी सोसायटीच्या सचिवांकडे नाव चढवायला गेली. ते म्हणे आधी साडेचार वर्षांचं मेंटेनन्स आणि त्यावरचं व्याज भरा, १ लाख ३८ हजार ४०० रुपये. मी म्हटलं मला कोणी सांगितलं नाही. त्यांनी उठून कपाटातून फाइल काढली आणि एक पत्र समोर ठेवलं. सोसायटीनं तुमच्या बँकेला लिहिलेलं, या फ्लॅटची इतकी-इतकी थकबाकी आहे, लिलाव करण्याआधी खरेदीदाराला कळवावे. त्यावर तुमच्या शाखेचा गोल शिक्का, आवक नंबर, तारीख. तारीख लिलावाच्या नोटिसीच्या तीन महिने आधीची! त्या कागदाकडे मी किती वेळ पाहत होती ते मला नाही सांगता येत, सचिवांनी पाणी आणून दिलं.

आता तुमचे वकील म्हणतील की सोसायटीची थकबाकी म्हणजे बोजा नव्हे. ठीक, शब्दावर भांडू नका. सरफेसी कायद्याखालच्या नियमांमध्ये, नियम ८ मध्ये, विक्रीच्या नोटिसीत काय-काय असावं त्याची यादी आहे. त्यात बँकेला ज्ञात बोजे आहेत, आणि शेवटी हेही आहे की मालमत्तेचं स्वरूप आणि किंमत ठरवताना खरेदीदाराला कळणं महत्त्वाचं आहे असं प्राधिकृत अधिकाऱ्याला वाटेल ते दुसरं काहीही. वाटेल ते. म्हणजे साहेब, तुम्हाला वाटायला पाहिजे होतं. शिक्का मारून पत्र घेतल्यावरही तुम्हाला वाटलं नाही की चोवीस लाखांचं घर घेणाऱ्या माणसाला हे कळलं पाहिजे?

वरून महापालिकेचा घरटॅक्स, शास्तीसकट ४१ हजार २६०. इथं मी वाद घातला तर झोनमधल्या बाबूनं शांतपणे सांगितलं की टॅक्स हा माणसावर नाही, मालमत्तेवर बसते, आणि महानगरपालिका कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे त्या जागेवर पहिला हक्क टॅक्सचा. विजेचं मीटर तर केव्हाच कापून नेलेलं, नवीन घ्यायचं तर मागचे ८ हजार ९३० भरा. हेही कायद्यात बसते म्हणे, सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये सांगितलं आहे की वीज कंपनीच्या नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, आणि "जशी आहे तशी" घेणाऱ्यानं आधी चौकशी करायची असते. मानलं. मग चौकशी करायला मला घराचा ग्राहक क्रमांक, टॅक्सचा इंडेक्स नंबर तरी नोटिसीत द्या ना. मालकाच्या घरी बेल वाजवू नका म्हणता, आणि चौकशी करा म्हणता!

तिन्ही मिळून १ लाख ८८ हजार ५९० रुपये झाले. माझ्या हिशोबात एवढ्यात एका पोराचं तीन वर्षांहून जास्त जेवण बसते.

पैसे भरायच्या मुदतीचंही सांगते. नियम ९ प्रमाणे बोली लागली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरायचे, आणि विक्री मंजूर झाल्यापासून १५ दिवसांत उरलेले ७५. माझे पहिले ६ लाख १७ हजार ५०० तयार होते, नऊ वर्षांची एफडी होती. उरलेल्या १८ लाख ५२ हजार ५०० मधले बारा लाख कर्ज काढायचे होते. ज्या बँकेत गेली ती म्हणे ताबा सांकेतिक आहे, आम्ही देत नाही. म्हणजे एका बँकेला जे घर विकायला चालते ते दुसऱ्या बँकेला तारण ठेवायला चालत नाही, वा! मी तुमच्याकडे येऊन मुदत मागितली. नियमात लेखी करार करून तीन महिन्यांपर्यंत वाढवता येते. तुम्ही तोंडी म्हटलं, "चालते, घ्या थोडा वेळ." लेखी द्या म्हटलं तर द्यायला तयार नाही. तेव्हा एलएलबीवाल्या पोरानं घाबरवलं, बरं झालं घाबरवलं. फेब्रुवारी २०२४ मध्येच, म्हणजे माझ्या लिलावाच्या महिनाभर आधी, सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की उरलेले पैसे वेळेत नाही आले तर पहिले २५ टक्के पूर्णच्या पूर्ण जप्त करणं नियमाला धरून आहे. माझे सव्वासहा लाख तुमच्या तोंडी "चालते"वर लटकलेले होते. दिराचा प्लॉट गहाण टाकून पतसंस्थेतून १३ टक्क्यानं बारा लाख उचलले, बाकीचं भावाकडून आणि माझ्या गोफातून केलं. चौदाव्या दिवशी भरले. घर घेणाऱ्याची मुदत दिवसांत मोजता, ताबा देणाऱ्याची मोजतच नाही, हे काही बरोबर नाही.

तर मागण्या. शिवीगाळ नाही, धमकी नाही, सरळ मागून राहिली.

सोसायटीचं पत्र तुमच्याकडे शिक्क्यासकट आलेलं असताना "निरंक" कोणी लिहिलं आणि कशावरून लिहिलं, याचं लेखी उत्तर द्या. ते १ लाख ३८ हजार ४०० रुपये मला परत करा. टॅक्सचे आणि विजेचे मी मागत नाही, ती चौकशी मी करायला पाहिजे होती असं धरून चालू. कलम १४ चा अर्ज पाच महिने का नाही केला तेही सांगा, आणि त्या पाच महिन्यांचं भाडं, ४५ हजार, भरून द्या.

आणि पुढच्या माणसासाठी, कारण माझं जे व्हायचं ते झालं: आत लोक राहत असतील तर नोटिसीत "सांकेतिक" असं गोड लिहू नका, मोठ्या अक्षरात लिहा की घरात लोक राहतात, ताबा कधी मिळेल सांगता येत नाही. जमत असेल तर आधी ताबा घ्या मग लिलाव करा, तुम्हालाही भाव जास्त येईल, त्या कर्जदाराचंही थोडं जास्त कर्ज फिटेल. पाहणी म्हणजे दार उघडून पाहणी. नाही उघडता येत तर तसं छापा. सोसायटी, महापालिका, वीज, तिन्हीकडून थकबाकीचा आकडा मागवा आणि तारखेसकट नोटिसीत टाका. तीन अर्जांचं काम आहे, तुमच्याकडे माणसं आहेत. मुदत वाढवायची तर कागदावर वाढवा.

वाचणाऱ्यांपैकी कोणी अशी बोली लावणार असेल तर भाऊ, ताई, लावा, मी नाही म्हणत नाही. फक्त आधी आखीव पत्रिका, म्हणजे सिटी सर्व्हेचा मालकीचा कागद काढा, एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र, आणि मंजूर नकाशा पाहा, सोसायटीच्या सचिवाला जाऊन भेटा, आणि नोटिसीतली सगळ्यात बारीक ओळ आधी वाचा. दाराबाहेरच्या चपला मोजा. मी मोजल्या होत्या, त्याचा अर्थ मला लागला नाही.

साहेब, या पत्राची प्रत तुमच्या आवक विभागात दिली आहे, शिक्का घेतला आहे, हे आता मी शिकली. तीस दिवस वाट पाहते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकणार, तिथं आधी बँकेला तीस दिवस द्यावे लागते म्हणून देऊन राहिली.

आणखी एक. तुमच्या बँकेची पत्रं अजून त्या जुन्या मालकाच्या नावानं माझ्या दारात येतात. परवाही एक आलं, वर रंगीत अक्षरात छापलं आहे, तुमच्या गृहकर्जावर टॉप-अप मिळवा. ते मी उघडलं नाही, त्यांचं आहे. कपाटात त्यांच्या दिनदर्शिकेजवळ ठेवलं आहे. त्यांचा नवीन पत्ता तुमच्याकडे असेल तर कळवा, दोन्ही नेऊन देते.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची मेसवाली काकू
मानेवाडा, नागपूर